‘हुशार’ या शब्दाऐवजी काय म्हणायचं: मुलांचं कौतुक आणि चुका कामी येतील अशी सांगण्याची रीत

उन्हाळ्यात खानदेशातल्या एखाद्या अंगणात बिबडे (ज्वारीचे पापड) घालणं चालू असेल, तर दहा मिनिटं नुसतं ऐकत बसा. दहा-अकरा वर्षांची पोर पहिल्यांदा थापायला बसलेली असते. मोठ्या बाया तिला सांगतात, “हाताला पाणी लाव.” “मधे पातळ झालं, कडेला जाड राहिलं.” “हां, आता बरोबर, असाच हात फिरव.” पहिला बिबडा फाटतो, दुसरा वाकडा होतो, चौथा-पाचवा बऱ्यापैकी गोल येतो. “तू बिबड्यात हुशार आहेस” किंवा “हिला बिबडे जमायचेच नाहीत” असं तिला कोणीच म्हणत नाही. सगळ्यांनी धरलेलं असतं की हात बसला की जमेल.

तीच पोर संध्याकाळी गणिताची वही घेऊन बसली की घरातली बोलीच बदलते. गणित बरोबर आलं तर “मन्ही पोर भलती हुशार शे.” चुकलं तर “हिला गणितात डोकंच नाही, माझ्यावर गेली.” आता पुढे काय करायचं, हे या दोन्ही वाक्यांतून तिला कळत नाही. बिबड्याच्या वेळी तिला दर मिनिटाला कामाची माहिती मिळत होती. वहीसमोर तिच्या डोक्याबद्दलचा निकाल मिळतो. वहीसमोरही अंगणातलीच भाषा कशी वापरायची, ते इथे सांगितलं आहे. आई-वडील, आजी-आजोबा, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आणि बाई, सगळ्यांना त्यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

‘हुशार’ म्हटल्यावर मूल काय करतं

कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आकृत्यांची कोडी दिली. सोडवून झाल्यावर काहींना म्हटलं, “तू या कोड्यांत हुशार असणार.” काहींना म्हटलं, “तू मेहनत घेतली असणार.” फरक फक्त या एका वाक्याचा. पुढे कुठली कोडी हवीत असं विचारल्यावर हुशार म्हटलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी आपण हुशार दिसू अशी कोडी निवडली; मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांनी नवीन शिकायला मिळेल अशी निवडली. मग सगळ्यांना मुद्दाम फार अवघड कोडी देऊन अपयश चाखायला लावलं आणि त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली. हुशार म्हटलेली मुलं आता स्वतःच्याच पहिल्या खेपेपेक्षा मागे पडली, मेहनतवाली पुढे गेली. आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायला सांगितलं, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं.

मुलाचा हिशेब सरळ असतो. बरोबर आलं म्हणून मी हुशार, तर चुकलं की मी ढ. मग चुकण्याची शक्यता असलेल्या कामाला हात कशाला लावायचा? वर्गात पहिला येणारा मुलगा शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेच्या दिवशी “पोट दुखतं” म्हणून घरी राहतो, तेव्हा बऱ्याचदा हाच हिशेब चाललेला असतो. त्याला आळशी म्हणून काही सुटत नाही. इतके दिवस मिळालेली पदवी तो राखत असतो.

याची सुरुवात फार लवकर होते. अमेरिकेतल्या ५३ कुटुंबांत मुलं १४, २६ आणि ३८ महिन्यांची असताना आई-वडिलांचं रोजचं बोलणं टिपून घेतलं. ज्या घरांत मुलाने काय केलं याचं कौतुक जास्त होतं, तिथली मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाला जास्त तयार होती, आणि माणसाची क्षमता वाढू शकते असं जास्त मानत होती. हा अभ्यास २०१३ चा. त्यामुळे दोन वर्षांच्या पोराला “शहाणा रे माझा राजा” म्हणता तेव्हा सोबत “चप्पल जागेवर ठेवलीस!” एवढं जोडलं तरी सुरुवात झाली. लाडाचे शब्द बंद करायचे नाहीत. राजा, बाळा, सोन्या हे मायेचे शब्द आहेत. कामाच्या मोबदल्यात मिळणारी पदवी वेगळी, आणि काळजी तिचीच घ्यायची.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण या विषयाचा बाजार फार झाला आहे. ‘ग्रोथ माइंडसेट’ची, म्हणजे क्षमता वाढवता येते या विचाराची, भाषणं आणि भित्तिपत्रकं यांनी गुण झपाट्याने वाढतात, असं संशोधन सांगत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असा सरासरी परिणाम फारच लहान निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात फायदा दिसला तो मुख्यतः मागे असलेल्या मुलांना, आणि तोही थोडा. “मेंदू स्नायूसारखा वाढतो” हे भिंतीवर लिहून वजाबाकी येत नाही. वजाबाकी शिकवावी लागते, आणि शिकवताना आपण जे बोलतो ते शिकवण्याचाच भाग असावं लागतं. १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी यांनी अभिप्रायावरच्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. अभिप्रायाने सरासरी सुधारणा होते हे खरं निघालं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून सुटून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की घसरण होते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

वाक्य कसं जुळवायचं

तीन तुकडे लक्षात ठेवा: तू काय केलंस, त्याने काय झालं, आता पुढे काय. दर वेळी तिन्ही हवेत असं नाही, पण पहिला तुकडा कधी गाळू नका.

मुलीने केळीच्या बागेचं चित्र आणून दाखवलं. “वा, छान!” म्हणून ती निघून जाते. त्याऐवजी: “घडाच्या वजनाने झाड वाकलेलं दाखवलंस, त्यामुळे घड जड वाटतोय. मागची झाडं पुढच्याइतकीच मोठी आहेत. लांबची झाडं डोळ्याला केवढी दिसतात, उद्या वावरात बघून ये.” यात ‘छान’ शब्द नाही, तरी आपलं चित्र कोणीतरी नीट पाहिलं हे तिला कळतं. मुलाला त्याचीच भूक जास्त असते.

वाचताना तिसरीतला मुलगा ‘प्रार्थना’पाशी अडखळला, मागे गेला आणि पुन्हा वाचलं. “अडल्यावर मागे जाऊन पुन्हा वाचलंस, म्हणून शब्द सापडला.” इथे पुढचं काही सांगायची गरज नाही. त्याने स्वतःहून केलेली युक्ती पकडून दाखवली की ती तो पुन्हा वापरतो.

शब्द मोठे करू नका. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांनी काढलेल्या चित्राला काहींना ‘सुंदर’ आणि काहींना ‘विलक्षण सुंदर’ असा शेरा मिळाला. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता, नेमकी तीच मुलं ‘विलक्षण’ ऐकल्यावर पुढचं चित्र सोपं निवडू लागली. पुढच्या वेळी इतकं विलक्षण नाही जमलं तर? दबलेल्या मुलाला धीर यावा म्हणून आपण शब्द फुगवतो, आणि ओझं त्याच्याच डोक्यावर पडतं.

सोप्या कामाचं कौतुकही टाळा. चौथीतल्या मुलीने दोनचा पाढा म्हटला म्हणून टाळ्या वाजवल्या, तर ती मनात म्हणते, “माझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे वाटतं.” काम पटकन आणि बिनचूक झालं असेल तर म्हणा, “हे तुला सोपं गेलं. मी तुझा वेळ वाया घालवला. हे घे, यात डोकं लागेल.”

एका वजाबाकीवर पूर्ण काम

सगळी रीत एका उदाहरणात दिसते, म्हणून जरा सविस्तर. दुसरी-तिसरीतला मुलगा ६३ मधून २८ वजा करतो आणि ४५ लिहितो. बहुतेक घरांत यावर “अरे, नीट बघ!” येतं. तो नीटच बघतो, आणि पुन्हा ४५ काढतो. कारण त्याने घाई केलेली नाही, त्याची रीत चुकली आहे: तीनमधून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठमधून तीन काढले, मग सहामधून दोन. मोठ्यातून लहान काढायचा, एवढाच नियम त्याच्या डोक्यात पक्का बसला आहे.

१. आधी ओळखा. अशीच आणखी चार वजाबाक्या द्या. पाचांपैकी तीन-चारांत हीच चूक आली तर रीत चुकली आहे, समजावावी लागेल. एकातच आली तर ती घाई आहे. “हे एक पुन्हा तपास” एवढं पुरे.

२. “हे कसं काढलंस, मला सांग” म्हणा. अहिराणीत बोलणारं घर असेल तर “हाई कसं करं रे तू?” याच आवाजात, कुतूहलाने. विचारल्यावर मनात सावकाश तीन मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक झाली.

३. बरोबर असलेलं नेमकं सांगा: “एकक एककाखाली आणि दशक दशकाखाली मांडलेस, ते बरोबर.” हे खरं असेल तरच.

४. चूक त्यालाच सापडू द्या. “२८ म्हणजे जवळपास किती? तीस. ६३ मधून तीस गेले तर?” तेहतीस. “मग ४५ उरतील का?” किंवा ४५ आणि २८ यांची बेरीज करायला लावा. ७३ येते, ६३ येत नाही. उत्तर चुकल्याचं त्याच्या वहीनेच त्याला सांगितलं, तुम्ही नाही. हा फरक मुलासाठी फार मोठा आहे.

५. आता हातात वस्तू द्या. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे बोटभर तुकडे करून दहा-दहाच्या सहा जुड्या बांधा, तीन काड्या सुट्या ठेवा. “यातल्या २८ मला दे.” आठ सुट्या देता येत नाहीत म्हटल्यावर तो स्वतःच एक जुडी सोडतो. सोडली की लगेच नाव द्या: “दशक सोडलास. हातच्याच्या वजाबाकीत हेच करतात.” मग तेच कागदावर.

६. लगेच दोन वजाबाक्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. रात्री समजलेलं सकाळी येतं का, तेही पाहायला हवं.

या सगळ्याला १५ मिनिटं लागतात. सहाव्या पायरीनंतर म्हणायचं वाक्य असं: “काल तू मोठ्यातून लहान काढत होतास, आज जुडी सोडून काढलंस. म्हणून उत्तर जुळलं.”

मराठीची एक खास अडचण इथेच येते. ‘त्रेसष्ट’मध्ये आधी तीन ऐकू येतात, मग साठ, म्हणून मूल ३६ लिहितं. हा गोंधळ आपल्या संख्यानावांतूनच येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ अशी वाचनाची जोड आली तेव्हा बरीच टीका झाली, पण अडलेल्या मुलासाठी ही पायरी उपयोगी आहे. “ऐकलंस बरोबर, आधी तीनच ऐकू येतात. लिहिताना मात्र साठ आधी” असं म्हटलं की मुलाला आपला कान चुकीचा वाटत नाही.

मेहनतीचं कौतुकही फसतं

‘हुशार’ नको म्हटल्यावर बरेच जण सरसकट “मेहनत कर, मेहनत केलीस, शाब्बास” यावर येतात. तेही फसतं. मुलगा तासभर सातचा पाढा वीस वेळा उतरवून काढत बसला आणि त्याला पाढा आला नाही. “बघा किती मेहनती” म्हणून पाठ थोपटली, तर आपण निरुपयोगी रीत पक्की केली. इथे रीत बदलायची: “उतरवून येत नाहीये. आता सात चोक अठ्ठावीसपर्यंत झाकून म्हण, अडलास की बघ, पुन्हा झाक.” नुसतं उतरवण्यापेक्षा आठवून पाहण्याने जास्त लक्षात राहतं.

मेहनत न करता आलं असेल तर मेहनतीचं खोटं कौतुक करू नका. मुलाला ते लगेच कळतं. आणि मेहनत करूनही जमलं नाही तर “प्रयत्न केलास ना, बस झालं” इथे थांबू नका. मुलाने ते ‘तुझ्याकडून एवढंच होणार’ असं ऐकलेलं असतं. गणितात कमी गुण पडलेल्यांना “प्रत्येकालाच गणित जमतं असं नाही” असं मायेने सांगितलं तर काय होतं, हे २०१२ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर तपासलं गेलं. दिलासा मिळण्याऐवजी त्यांची उमेद खचली. आजीला नातीचं रडणं बघवत नाही, म्हणून ती म्हणते, “जाऊ दे बाई, आपल्या घरात कोणालाच गणित येत नाही.” आजीची माया खरी आहे. तिला फक्त वेगळं वाक्य द्यायचं: “आजून जमनं नई. उद्या पुन्हा बसू.” हा ‘आजून’ फार कामाचा शब्द आहे, पण पुढे ‘उद्या काय करायचं’ हे आलं तरच.

चूक दाखवताना

एका वेळी एकच चूक. निबंधात १२ चुका असतील तर त्यातली वाचणाऱ्याला सगळ्यात अडवणारी निवडा, बहुधा वाक्य कुठे संपलं हे न कळणं. लाल पेनाने पान भरलं की मूल पान उलटतं, वाचत नाही. ऱ्हस्व-दीर्घ नंतर.

खूण करा, उत्तर लिहू नका. चुकलेल्या ओळीच्या समासात एक टिंब द्या आणि म्हणा, “या ओळीत एक आहे, शोध.” सापडली की ती त्याची झाली.

तुमचा चेहराही बोलतो. हायमोव्हिट्झ आणि ड्वेक यांच्या २०१६ च्या अभ्यासात असं दिसलं, की बुद्धीबद्दल पालकांचं मत काय आहे हे मुलांना फारसं कळत नाही, पण अपयश आलं की पालक घाबरतात का शिकायला बसतात हे बरोबर कळतं, आणि त्यावरूनच मुलं स्वतःबद्दलचं मत बनवतात. पेपर हातात घेऊन उसासा टाकला की पुढची दहा चांगली वाक्यं वाया.

अहिराणी, भिली, पावरी बोलणारं मूल

खानदेशात मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान ज्या अभिप्रायाने होतं, तो म्हणजे “अशुद्ध बोलू नको.” पहिलीतली मुलगी उत्साहाने सांगते, “मन्ही माय वावरमा गई.” उत्तर येतं, “असं नाही, नीट बोल.” ती आईबद्दल काहीतरी सांगत होती, ते राहूनच गेलं. असं चार-पाच वेळा झालं की मूल वर्गात गप्प होतं, आणि मग शेरा पडतो: ‘वर्गात बोलत नाही.’

आधी मजकूर घ्या, मग भाषा. “तुझी आई शेतात गेली होय? काय वेचायला गेली, कापूस?” तुमच्या वाक्यात प्रमाण रूप आपोआप तिच्या कानावर पडलं, आणि बोलणंही पुढे सरकलं. फळ्याच्या कडेला दोन रकाने ठेवा: घरात ‘वावरमा’, पुस्तकात ‘शेतात’. मुलांकडूनच शब्द भरून घ्या. दोन भाषा येणं ही जास्तीची कमाई आहे, हे त्यांना तुमच्या वागण्यातून दिसलं पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली किंवा पावरी या आदिवासी बोली न येणाऱ्या शिक्षकांनी मोठ्या मुलांना विचारून रोज पाच शब्द वहीत लिहून घ्यावेत आणि ते वर्गात चुकत-माकत बोलून दाखवावेत. शिक्षक चुकतात, मुलं त्यांना सुधारतात, कोणी हसत नाही. चूक कशी घ्यायची, याचा याहून चांगला धडा नाही.

ऊसतोडीहून चार-पाच महिन्यांनी परतलेल्या मुलाला “मागे पडलास” हे सांगायची गरज नसते, ते त्याला माहीत असतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसून एक परिच्छेद वाचून घ्या, पाच गणितं द्या, आणि त्याला सांगा: “इथपर्यंत तुझं पक्कं आहे, इथून पुढे आपण धरू.” बोट ठेवून जागा दाखवा.

गुण, निकाल आणि बक्षीस

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आकडा दिसला की शेरा वाचला जात नाही.

म्हणून घटक चाचणीचे पेपर देताना आधी शेऱ्यासह पेपर द्या, एक चूक दुरुस्त करून घ्या, गुण दुसऱ्या दिवशी सांगा. घरी १ मेला प्रगतीपुस्तक आलं की उलटून आकडा बघण्याआधी मुलालाच विचारा: “या वर्षी काय नव्याने जमायला लागलं? कुठे अडतंय?” त्याच सुमारास आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आणि मामे-आतेभावंडं जमतात आणि झोका बांधला असतो. तिथे “त्याला किती, याला किती” सुरू झालं की विषय बदलायची जबाबदारी मोठ्यांची. कौतुकसुद्धा चुलत भावासमोर करू नका, कारण ते ऐकणाऱ्या दुसऱ्या मुलासाठी ती तुलनाच असते.

बक्षिसाबद्दल १९७३ चा प्रयोग जुना असला तरी रोज उपयोगी आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या, चित्रं काढायची आधीच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधी सांगून चित्रासाठी प्रमाणपत्र दिलं. नंतर मोकळ्या वेळात याच मुलांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रकलेला दिला. अचानक मिळालेल्या बक्षिसाने मात्र असं नुकसान झालं नाही. तर मूल जे आवडीने करतं, उदाहरणार्थ गोष्टी वाचणं, त्याला “पुस्तक संपव, २० रुपये देतो” लावू नका. जे कंटाळवाणं आहे पण करायलाच हवं, जसं शाळेच्या बुटांना पॉलिश, तिथे छोटं बक्षीस चालतं. “शिष्यवृत्तीत आलास तर सायकल” हा सौदा दोन्ही बाजूंनी वाईट आहे: न मिळाल्यास मूल सायकलही गमावतं आणि अभ्यासही. शाळा लांब आहे म्हणून सायकल हवी असेल तर ती त्या कारणासाठीच घ्या.

चाळीस वह्या आणि एक शिक्षक

रोज चाळीस वह्यांवर असे शेरे लिहिणं शक्य नाही, आणि तसं कोणी मागूही नये. रोज पाच वह्या नीट, बाकीच्यांवर फक्त पाहिल्याची खूण. आठ दिवसांत वर्ग पुरा होतो. पाच निवडताना सलग हजेरी क्रमांक घ्या, नाहीतर पुढच्या बाकावरची मुलंच दर वेळी येतात. शेरा दोन ओळींचा, दुसरी ओळ नेहमी करायच्या कामाची. आणि तासाची शेवटची पाच मिनिटं त्या कामासाठीच ठेवा. ज्या शेऱ्यावर काही करायचं नसतं, तो मूल वाचत नाही.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आपल्याकडे आहे आणि वर्णनात्मक नोंदी त्यातला सगळ्यात चांगला भाग आहे, पण त्या तयार यादीतून उतरवल्या जातात तेव्हा मरतात. ‘गणितात हुशार आहे’, ‘प्रगती समाधानकारक’ अशी नोंद पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांना काहीच सांगत नाही. त्याजागी: ‘हातच्याची दोन अंकी वजाबाकी काड्यांच्या मदतीने करतो. आडव्या मांडणीत दशक-एकक चुकतात. उभ्या मांडणीचा सराव हवा.’ शब्द जवळपास तिप्पट, पण जूनमध्ये नव्या बाईंचा आठवडा वाचतो.

स्वतः न शिकलेल्या पालकांसाठी

“आम्हाला काय येतं, आम्ही काय सांगणार?” असं कापूस वेचून संध्याकाळी घरी आलेली आई म्हणते. तिच्याकडे असलेली गोष्ट शिकवणीवाल्याकडे नाही: ती खरोखर विचारू शकते. भाकरी थापताना पोराला समोर बसवा आणि म्हणा, “आज शाळेत काय केलं, मला समजेल असं सांग.” मूल समजावायला लागलं की जिथे स्वतःला कळलेलं नसतं तिथेच अडखळतं. “इथे मला नाही समजलं, पुन्हा सांग” म्हणा. उत्तर तपासायची गरजच नाही. शेवटी, “इथे अडलास, उद्या बाईंना विचारून ये आणि मला सांग.” दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारा. सुरतला किंवा पुण्याला कामाला असलेल्या वडिलांनी फोनवर “अभ्यास करतोस ना?” विचारलं की “हो” येतं आणि बोलणं संपतं. “आज कुठे अडलं?” विचारलं तर पाच मिनिटं बोलणं चालतं.

आठवीच्या पुढे

मोठ्या मुलांशी भाषा बदलावी लागते. सातवी-आठवीपासून मुलं मेहनतीच्या कौतुकाचा वेगळा अर्थ लावू शकतात: “याचं डोकं कमी, म्हणून याच्या मेहनतीचं बोलतात.” त्यांच्याशी रीतीबद्दल बोला, तेही एकट्यात. “भूमितीच्या प्रमेयात आधी आकृतीवर दिलेली माहिती लिहिलीस, म्हणून पुढची पायरी दिसली” हे दहावीच्या मुलाला पटतं. आणि निर्णय त्याच्याकडे ठेवा: “विज्ञान आणि गणित, कुठल्यात दोन आठवडे जास्त द्यायचे वाटतं? का?” त्याचं कारण ऐकून घ्या, मग तुमचं सांगा.

एवढं सगळं एकदम बदलायला जाऊ नका, आठवड्यात कंटाळाल. पहिल्या आठवड्यात एकच विषय घ्या, समजा गणित, आणि रोज एक वाक्य ‘तू काय केलंस’ने सुरू करा. तोंडातून ‘हुशार’ निसटेलच, वर्षानुवर्षांची सवय आहे. निघालं तर माघार घेऊ नका, पुढे एवढंच जोडा: “कसं काढलंस, दाखव बरं.” आणि वहीकडे खाली वाकून बघा.